जंतूंचं बांधकाम खातं

खानदेशात एप्रिल लागला की घरातल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवलं जातं. गाद्या, गोधड्या, वर्षाचा गहू, तुरीची डाळ, हळकुंडं, मिरच्या, लोणच्याच्या बरण्या, कुरडया, नागलीचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्या. गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि असली तरी पाय ठेवायची सोय नसते. सगळं वाळवून झालं तरी ऊन शिल्लक राहतंच. मग रिकाम्या डब्यांची झाकणं काढून त्यांनाही ऊन दाखवतात. का, असं विचारायचं नसतं. विचारलंच तर ठरलेलं उत्तर मिळतं, "उन्हानं जंतू मरतात."

जिथे उन्हानं माणसाचा जीव मेटाकुटीला येतो तिथे जंतूंची काय कथा, असं वाटणं साहजिक आहे. मे महिन्यात धुळे आणि जळगावच्या सोयऱ्यांमध्ये तापमानावरून जी चढाओढ चालते ती पोरांच्या दहावीच्या टक्क्यांवरूनही चालत नाही. "तुमच्याकडे किती?" "४४." "हं. आमच्याकडे ४५.२." त्या पॉइंट दोनमध्ये काय तो रुबाब असतो. बैठकीत भुसावळचा पाहुणा असला तर तो काहीच बोलत नाही, नुसता हसतो आणि पन्ह्याचा दुसरा ग्लास मागतो.

उन्हानं जंतू मरतात हे शास्त्रानंही मान्य केलं, पण बरंच उशिरा आणि तेही इंग्लंडात. ऊन पडलं की लोक हातातली कामं टाकून ते बघायला बाहेर येतात, त्या देशात. १८७७ साली आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोघांनी जंतू वाढतील असं पाणी काचेच्या नळ्यांत भरलं, काही नळ्या उन्हात उघड्या ठेवल्या, काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या गढूळ झाल्या, उघड्या स्वच्छ राहिल्या. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेननं त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करून १९०३चं नोबेल मिळवलं. त्याला पुरेसं ऊन मिळेना म्हणून तो विजेचे दिवे वापरायचा. आमच्या कोणत्याही आजीला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, पण तिनं नळ्या गढूळ झाल्याची नोंद ठेवली नाही.

या सगळ्या गडबडीत जंतूंची बाजू मात्र कोणी विचारली नव्हती.

जंतूची बाजू अशी. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा साधा जिवाणू घ्या. त्याच्या डीएनएत साधारण ४६ लाख अक्षरजोड्या असतात, आणि तो हा सगळा रस्ता दर विणीला नव्यानं उतरवून काढतो. खायला-प्यायला चांगलं मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात. गंमत म्हणजे रस्ता पुरा उतरवायला ४० मिनिटं लागतात. म्हणून पहिली गाडी पोचायच्या आत दुसरी सोडलेली असते. अशा वाहत्या रस्त्यावर उन्हातले अतिनील किरण पडतात आणि शेजारी-शेजारी असलेली थायमिनची दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात. झाला खड्डा. उतरवणारं यंत्र तिथे येऊन अडकतं आणि मागे रांग लागते.

खड्ड्यांबाबत आम्हा खानदेशी माणसांना कोणी शिकवायची गरज नाही. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी होण्याआधी धुळ्याहून जळगावला बसनं गेलेल्या माणसाला डीएनएची दुरुस्ती समजायला अर्धा तास पुरतो. म्हणून जंतूंनी हे खातं कसं चालवलंय ते मी फार आस्थेनं वाचलं. मनात एक आशा होती की निदान तिथे तरी कारभार चोख असेल.

पहिल्याच टेबलाशी धक्का बसला. खड्डा पाडणारा आणि बुजवणारा एकच निघाला.

ही भानगड १९४९ साली उघडकीस आली. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट केल्नर हा गृहस्थ स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जंतूला अतिनील किरणांनी भाजून काढत होता. भाजून झाल्यावर किती वाचले ते मोजायचं, एवढंच काम. पण तापमान तेच, वेळ तीच, किरण तेवढेच ठेवूनही एकदा भरमसाट वाचायचे आणि एकदा जवळजवळ कोणीच नाही. केल्नर वैतागला. बरंच डोकं खाजवल्यावर त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. ज्या भांड्यांवर खिडकीतून उजेड येत होता त्यांतले जंतू पुन्हा उठून बसत होते. म्हणजे उन्हातल्या अतिनील भागानं खड्डा पाडायचा आणि त्याच उन्हातल्या निळ्या भागानं तो बुजवून द्यायचा! खोदायचं टेंडर आणि बुजवायचं टेंडर एकाच पार्टीला. आमच्याकडे हे कळलं की मोर्चा निघतो. तिकडे त्यावर शोधनिबंध निघाला.

ही कामगिरी करणाऱ्या एन्झाइमला फोटोलायेज म्हणतात. त्याची काम करायची पद्धत बघण्यासारखी आहे. ते अंधारातच खड्डा हुडकून त्यावर जाऊन बसतं आणि उजेडाची वाट बघतं. आमच्या भागातला रोलरसुद्धा खड्ड्याशेजारी पावसाळाभर वाट बघत उभा असतो, त्यामुळे इथपर्यंत काही नवल वाटलं नाही. पुढे मात्र फरक पडतो. निळ्या उजेडाचा एक कण मिळाला की हे एन्झाइम चिकटलेली दोन अक्षरं एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत सोडवून मोकळं होतं. खोदकाम नाही, डायव्हर्जन नाही, "कृपया सहकार्य करा" अशी पाटी नाही.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या पोरांना या खात्याचा उपद्रव चांगला माहीत असतो. अतिनील दिव्याखाली जंतू मारायचं प्रॅक्टिकल असलं की प्लेट दिव्याखालून काढताक्षणी काळ्या कागदात गुंडाळायची. कागद फाटका निघाला किंवा मैत्रिणीशी बोलता बोलता प्लेट खिडकीत राहिली, की मेलेल्यांतले कित्येक दुसऱ्या दिवशी जिवंत सापडतात आणि आलेख भलतीकडेच जातो.

फोटोलायेजचा जनुक हाती आला तो अझीझ संजार यांच्यामुळे. तुर्कस्तानातल्या सावूर या गावचा हा माणूस. एमबीबीएस होऊन तालुक्याच्या गावी दवाखाना चालवावा तसं त्यांनीही काही दिवस गावात डॉक्टरकी केली. मग अमेरिकेत डॅलसला जाऊन क्लॉड रूपर्ट यांच्या हाताखाली हा जनुक वेगळा काढला. एवढं करून पुढच्या नोकरीसाठी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार. उजेडानं होणाऱ्या दुरुस्तीत कोणाला रस नव्हता. शेवटी येल विद्यापीठात ते लॅब टेक्निशियन म्हणून चिकटले आणि तिथे त्यांनी अंधारात चालणारं दुसरं खातं उलगडलं. २०१५ साली टॉमस लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते तीन अर्ज नाकारणाऱ्यांनी पुढे काय केलं ते इतिहासात नाही. बहुधा पदोन्नती घेतली असावी.

हे दुसरं खातं रीतसर खोदणारं आहे. यूव्हीआर-ए आणि यूव्हीआर-बी ही प्रथिनं गस्त घालतात, रस्ता कुठे वाकडा झालाय ते चाचपतात. ए निघून जातो, बी जागेवर थांबतो. मग यूव्हीआर-सी येऊन खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना काप घेतो आणि बारा-तेरा अक्षरांचा तुकडा सुटा होतो. यूव्हीआर-डी तो उचलतो, पॉलिमरेज समोरच्या धाग्याकडे बघून नवा माल भरतं, लायगेज सांधा मारतं. पाच-सहा वेगवेगळे कर्मचारी, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि "खोदणं आमच्याकडे, बुजवणं पाणीपुरवठ्याकडे" असं एकही जण म्हणत नाही. इथे मला खातं अगदीच परकं वाटायला लागलं होतं. पण पुढचं पान उलटलं आणि जीव भांड्यात पडला.

कारण जंतूंकडेही मंत्र्यांचा दौरा असतो.

डीएनएचे काही भाग सतत वापरात असतात, त्यांच्यावरून आरएनए पॉलिमरेज नावाची मोठी गाडी नेहमी धावत असते. बाकीचा रस्ता आडगावाचा. १९८०च्या दशकात फिलिप हॅनावॉल्ट आणि इसाबेल मेलन यांनी दाखवून दिलं की खड्डे सगळीकडे सारखेच पडले तरी बुजतात आधी त्या मोठ्या गाडीच्या मार्गावरचे. गाडी खड्ड्यापाशी अडकली की एमएफडी नावाचं प्रथिन धावत येतं, गाडी मागून ढकलून बाजूला काढतं आणि यूव्हीआर मंडळींना तिथेच बोलावून घेतं. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते हेलिपॅडपासून सभास्थानापर्यंतचं रातोरात झालेलं डांबरीकरण उभं राहिलं. फरक इतकाच, की जंतूंकडची ती गाडी रोज त्याच रस्त्यानं जाते.

नक्कल उतरवताना होणाऱ्या चुकांचं टेबल निराळं आहे, आणि ते धुळेकरांना लवकर कळेल. आमच्याकडे राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. दोन्हीकडे जुन्या हस्तलिखितांचे ढीग. तिथे बसणाऱ्या अभ्यासकाचं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नात जातं. दोन पोथ्यांत अक्षर वेगळं आहे, तर चुकलंय कुणाचं? मूळ कोणतं आणि नक्कल कोणती? जंतूपुढेही हाच पेच असतो. जुन्या धाग्यावर एक अक्षर, नव्यावर त्याला न जुळणारं दुसरं. दुरुस्त करायचं कोणतं? मॉड्रिच यांनी याचं उत्तर ई. कोलायमध्ये शोधून काढलं. जुन्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी मिथिल गटाचे शिक्के मारलेले असतात. नवा धागा कोरा असतो, त्यावर शिक्के पडायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या मिनिटांत म्यूट-एस, म्यूट-एल आणि म्यूट-एच हे त्रिकूट चूक शोधतं, बिनशिक्क्याचा धागा कापतं आणि दुरुस्ती करतं. पण इथेही एक हात सैल आहे. चूक एका अक्षराची असते आणि उखडतात कधी कधी हजारभर अक्षरं. एका नळजोडणीसाठी अख्खी गल्ली. शेवटी मात्र अब्जभर अक्षरांत एखादी चूक उरते. इतकं शुद्ध उतरवणारा लेखनिक इतिहासकार राजवाड्यांना मिळाला असता तर त्यांचा रागीट स्वभाव थोडा निवळला असता.

लिंडाल यांच्याकडचं काम त्याहून शांत. उन्हाची, किरणांची गरजच नाही, डीएनए नुसता उबदार पाण्यात राहिला तरी झिजतो. सायटोसिन हे अक्षर आपोआप बदलून युरॅसिल होतं, आणि उष्णता वाढेल तसा झिजण्याचा वेगही वाढतो. १९७४ साली लिंडाल यांना ई. कोलायमध्ये अशी चुकीची युरॅसिलं टिपून काढणारं एन्झाइम सापडलं. बाकी यावर विनोद करण्यासारखं काही नाही. दिवसभर मान खाली घालून काम करणारा एक कारकून प्रत्येक कचेरीत असतो, त्याच्यावरही कोणी करत नाही.

अडा नावाच्या प्रथिनाची गोष्ट वेगळी. १९७७ मध्ये लेओना सॅमसन आणि जॉन केर्न्स यांना दिसलं की घातक रसायनाचा थोडा डोस आधी दिलेले जंतू नंतरचा मोठा डोस पचवतात. यामागे हाच अडा. डीएनएच्या ग्वानिनला चिकटलेला नको तो मिथिल गट अडा उचलतो आणि स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतो. तो परत सुटत नाही. एक दुरुस्ती, की अडाची दुसरी कामगिरी नाही. त्यामुळे काटेकोर माणसं त्याला एन्झाइम म्हणायलाच तयार नाहीत, कारण एन्झाइम कसं, काम करून पुन्हा जसंच्या तसं उरायला हवं. खात्यात एखादा असा असतोच. वरच्यांचं सगळं प्रकरण अंगावर घेतो, निलंबित होतो, आणि वर लोक विचारतात, हा नक्की परमनंट होता का?

एवढी सगळी टेबलं अपुरी पडली की जंतू आणीबाणी लावतो. तिला एसओएस म्हणतात, बुडत्या जहाजाची हाक. एव्हलिन विटकिन आणि मिरोस्लाव राडमान यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली. विटकिनबाई २०२३ साली वारल्या, वयाच्या १०२व्या वर्षी, म्हणजे दुरुस्तीचा विषय मानवला म्हणायचं. या व्यवस्थेत लेक्स-ए नावाचा साहेब चाळीसेक फायलींवर, म्हणजे जनुकांवर, बसून असतो. एरवी एकही फाइल हलत नाही. डीएनए ठिकठिकाणी तुटला की रेक-ए हे प्रथिन त्या तुटक्या धाग्यांवर रांगेनं बसतं, आणि त्याच्या नुसत्या दर्शनानं साहेब स्वतःचे दोन तुकडे करून घेतो. फायली सुटतात. ही पद्धत इतरत्र लागू करावी असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण फायली सुटतात एवढं खरं.

आधी सुटतात त्या सरळमार्गी लोकांच्या, यूव्हीआर वगैरे. त्यांनीही भागलं नाही तर सगळ्यात शेवटी पॉलिमरेज-पाच येतं. याचा खाक्या असा की खड्डा बुजवायचाच नाही, वरून काहीही टाकून गाडी पुढे काढायची. समोर कोणतं अक्षर आहे ते वाचता येत नसेल तर मनाला येईल ते लिहायचं. दगड, माती, विटांचे तुकडे, जे हाताशी असेल ते. मार्च अखेरीस आमच्याकडे अशी कामं पुष्कळ होतात. जंतू मरत नाही, पण त्याच्या डीएनएत चुका राहून जातात.

आणि इथे प्रकरण आपल्या अंगाशी येतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक जंतूचा डीएनए तोडतं. तुटला की एसओएस, आणि एसओएस लागली की पॉलिमरेज-पाच आणि त्याच्या भावंडांचा सढळ हात. त्या शेकडो चुकांतली एखादी अशी निघते की औषधच लागू पडत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की लेक्स-एला तुटूच दिलं नाही, तर जंतूंना सिप्रोला दाद न देण्याची कला जमत नाही. आमच्याकडे मेडिकलवर संध्याकाळी उभं राहा. "दोन दिवसांच्याच द्या भाऊ, बरं वाटलं तर बाकीच्या नेत नाही." बरं वाटतंच. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देतात, त्यालाही तसंच काहीतरी होत असतं म्हणून. अशा अर्धवट मात्रेत जंतू मरत नाहीत, घाबरतात फक्त, आणि आणीबाणी लावून कामाला लागतात.

आता एवढं दुरुस्तीचं खातं बाळगणाऱ्या जमातीतला पहिलवान कोण, तर डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगन इथे मांसाचे डबे गॅमा किरणांनी निर्जंतुक करत होते. एवढे किरण दिले की काहीही उरू नये. एक डबा फुगलाच. आत हा बसला होता. माणूस ५ ग्रे इतक्या किरणांनी दगावतो, हा ५,००० ग्रे अंगावर घेतो. त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत ते पुन्हा जसेच्या तसे जुळतात. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या गड्यावर बरीच वर्षं काम चाललंय. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यात दुसऱ्या जंतूचा जनुक घालून पाण्यातलं युरेनियम गोळा करायला त्याला शिकवलं.

पण पृथ्वीवर एवढे किरण कुठेच नसताना याला ही विद्या आली कुठून? १९९६ साली मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी याचे किरणांना न टिकणारे भाऊबंद तपासले. ते कोरडेपणालाही टिकत नव्हते. वाळून कोळ झालं की डीएनए असाच तुटतो. म्हणजे याची तयारी अणुबॉम्बची नव्हती, दुष्काळाची होती. साक्री-शिंदखेड्याकडच्या माणसाला यासाठी शोधनिबंध वाचायची गरज पडू नये.

किरण सोसणाऱ्या जंतूंचं एक उदाहरण तर आपल्या नारळीकरांचंच आहे. जयंत नारळीकर म्हटलं की मराठी वाचकाला विज्ञानकथा आठवतात, पण त्यांनी आकाशात जंतू शोधायची मोहीमही चालवली होती. एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला, त्यानं २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा बाटल्यांत भरून आणली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या पेशीविज्ञान केंद्रात ती तपासली. २००९मध्ये जाहीर झालं की त्यात तीन नव्या जाती आहेत आणि तिघीही आपल्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसतात. एकीला खगोलशास्त्रज्ञ हॉईल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव दिलं. ओझोनच्या थरात, जिथे ऊन गाळून घ्यायला वर फारसं काही उरत नाही, तिथे ही मंडळी होती. भुसावळकर पाहुण्याला हे सांगितलं. तो या वेळी हसला नाही.

हे सगळं मी आमच्या गल्लीतल्या आबांना ऐकवत होतो. आबांची शिंदखेड्याकडे कोरडवाहू जमीन आहे आणि त्यांना माझ्यापेक्षा जंतूंचा व्यावहारिक अनुभव अधिक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जंतू उनमा मरतस नही म्हनस तू. मंग पाकीटवर सावलीमा सुकाडा असं का लिखतस?"

प्रश्न बिनतोड होता. तुरीच्या, हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम नावाचे जंतू चोळतात, दहा किलोला २५० ग्रॅमचं पाकीट, आणि मग बियाणं सावलीतच सुकवायचं हा नियम. मी म्हटलं, "आबा, दुरुस्तीला मर्यादा असते. जंतूला त्यासाठी ओल लागते, खाणं लागतं. कोरड्या दाण्यावर बिचाऱ्याकडे दोन्ही नसतं. खड्डे पडत राहतात आणि खात्याला निधीच नाही." निधी नाही म्हटल्यावर आबांना लगेच पटलं. हरभऱ्यावरच्या घाटे अळीला मारायला विषाणू फवारतात तेव्हा पंपात नीळ का टाकतात, तेही त्यांनीच मला उलट सांगितलं. विषाणूला तर उघड्यावर स्वतःची डागडुजी करताच येत नाही, म्हणून उन्हापासून वाचवायला निळीचा पडदा, आणि फवारणी संध्याकाळी.

"माणूसकडे शे का हाई, उजेडनं काम करनारं?" आबांनी विचारलं.

"नाही ना. कांगारूकडे आहे, माशाकडे आहे, झाडांकडे आहे. आपल्याकडे, गाईकडे, उंदराकडे नाही. आपले फार जुने पूर्वज डायनासोरच्या भीतीनं रात्रीच बाहेर पडायचे, त्या काळात ते हरवलं असा एक तर्क आहे. पण आता कंपन्या शेवाळासारख्या जंतूतलं ते एन्झाइम काढून मलमात घालतात. उन्हात जाताना तोंडाला लावायचं."

"कितलाले?"

"ट्यूबचे हजाराच्या वर."

आबांनी हजाराचा आकडा मनात फिरवून बघितला. "आनी त्या मलमले काम कराले ऊन लागस का?"

"लागतं. उजेडाशिवाय ते चालतच नाही."

"म्हंजे ऊन लागू नही म्हनीसन मलम लावानं, आनी मलम चालाले पाहिजे म्हनीसन उनमा बसानं?"

मी मान हलवली. आबांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं, डोक्याला गुंडाळलं आणि उठता उठता म्हणाले, "त्यानापेक्षा मनं उपरनं बरं. ते सावलीमा बी काम करस."